पत्र्याला अकरा भोकं

ठाण्यातल्या कितीतरी गोष्टी आता माझ्या डोक्यातून गेल्या. कोण कुठल्या गुन्ह्यात आलं, कोण सुटलं, काही सांगता येणार नाही. त्या पोरीचं मात्र सगळं आठवतं. तिच्या फ्रॉकच्या खिशातले शेंगदाणेसुद्धा.

मी पोलीस ठाण्यात झाडलोटीला होते. सकाळी सातला जायचं. आधी पायऱ्या झाडायच्या, मग ठाणे अंमलदाराचं टेबल पुसायचं, मग कोठडीपुढचा बोळ, शेवटी मोठ्या साहेबांची खोली. माठ भरायचा, दिवसभर चहा-पाणी बघायचं. एखादी बाई चौकशीला आणली आणि महिला शिपाई बंदोबस्तावर असली, तर मला तिच्याजवळ बसवायचे. असं बसून बसून फिर्याद, जबाब, पंचनामा हे शब्द माझे झाले. बोलायचं काम मला कधी पडलं नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझा घसा सुकतो. अजूनही सुकतो, म्हणून लिहून ठेवते.

नाव कुणाचंच लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं, कळंबच्या अंगाचं एक गाव, एवढं पुरे.

दिवस ऊसतोडीचे होते. टोळ्या कारखान्याकडं गेलेल्या आणि शाळेतली पोरं आजीकडं नाहीतर चुलत्याकडं ठेवलेली. ही पोरगी तिसरीत होती. आई-बाप तोडीला गेले म्हणून तिला आत्याकडं ठेवलं होतं. आत्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या रानात मजुरीला जायची आणि त्याच्याच आवारातल्या एका खोलीत राहायची. तो माणूस गावात वजनदार. शाळेच्या समितीवर, देवळाच्या समितीवर. आवारात त्याची आणखी एक पत्र्याची खोली होती, खताची पोती आणि फवारणीची औषधं ठेवायला.

एका सोमवारी दुपारी शाळेच्या बाई त्या पोरीला स्कूटीवर बसवून थेट ठाण्यात आल्या. शनिवारी शाळा सकाळची असते. गेले काही शनिवार शाळा सुटली तरी ही घरी जाईना, वर्ग झाडत बसायची. झाडून झालेला वर्ग परत झाडायची. बाईंनी त्या सोमवारी तिला जवळ घेऊन विचारलं, आणि तिनं जे सांगितलं ते ऐकून त्या तशाच उठल्या. त्या माणसानं पोरीशी काय केलं ते मी इथं लिहिणार नाही. कलमासकट ते कागदावर आलेलं आहे.

त्या दिवशी आमच्या पीएसआय मॅडम ठाण्यात नव्हत्या. धाराशिवला प्रशिक्षण होतं, दोन दिवसांचं. लहान मुलांवर अत्याचार झाला तर पोलिसांनी मुलांशी कसं वागायचं, याचंच. मॅडम तिकडं ते शिकत होत्या आणि इकडं आम्ही नेमकं उलटं करत होतो.

टेबलावर आमचे जमादार होते. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. चोरीच्या तपासात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची एक रीत होती. संशयिताला एकच गोष्ट दिवसातून चारदा विचारायची. आल्या आल्या, मग चहा देताना, मग जेवल्यावर, मग सोडतो असं सांगून उठताना. ज्याचं उत्तर बदललं तो खोटा. ते म्हणायचे, "खऱ्याला पाठांतर लागत न्हाय, मावशी." अशा रीतीनं त्यांनी कितीतरी मोटारी, शेळ्या, दागिने मिळवून दिले होते.

तीच रीत त्यांनी त्या पोरीला लावली.

पोरगी टेबलासमोर उभी होती. डोकं टेबलाच्या काठाच्या थोडंसंच वर. जमादारांनी वर्दीत, टोपी घालून, चांगल्या आवाजातच विचारलं, कधी झालं. ती म्हणाली, शनवारी. नंतर महिला शिपायानं आतल्या खोलीत नेऊन तेच विचारलं. ती म्हणाली, सोमवारी. मग मोठ्या साहेबांनी बोलावलं. तिथं ती म्हणाली, रोज. मग परत जमादारांनी विचारलं, "नक्की? नीट आठवून सांग." ती आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत राहिली आणि म्हणाली, "झालंच न्हाय."

जागेचंही तसंच. आधी पत्र्याची खोली, मग रान, मग माहीत नाही.

त्या माणसालाही बोलावलं होतं. साहेबांच्या खोलीत तो खुर्चीवर बसला, चहा मीच नेऊन दिला. मला वाटायचं, इतकी वर्षं ठाण्यात गेली, माणूस तोंडावरून ओळखता येतो. हा माणूस शांत होता. कप कुठं ठेवू म्हणून त्यानं मला विचारलं, ताई म्हणाला. साहेबांना सांगितलं की पत्र्याच्या खोलीत विषारी औषधं असतात, कायम कुलूप असतं, किल्ली माझ्या करदोड्याला, पोरीनं ती खोली आतून कधी बघितलेलीसुद्धा नाही. हे त्यानं तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा एकच शब्द.

जमादार बाहेर आले, माठाजवळ पाणी प्याले आणि मला म्हणाले, "बघा मावशी. त्याचं एकच, हिचं चार. पोरीला कुणीतरी शिकवून पाठवलंय." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला फोन करून, विचारून, त्या रात्रीपुरतं पोरीला बाईंच्याच घरी ठेवायचं ठरलं.

मंगळवारी सकाळी मॅडम आल्या. प्रशिक्षणाचा दुसरा दिवस सोडून आल्या होत्या. कागद वाचत असताना त्यांचा चेहरा उतरत गेला. साहेबांच्या खोलीत त्यांचा आवाज चढला नाही, पण दार बराच वेळ बंद होतं. बाहेर आल्या त्या गुन्हा दाखल करायचं ठरवूनच. जमादारांना म्हणाल्या, जबाब जुळतो की नाही हे बघत बसायचं नसतं, अशा प्रकरणात आधी गुन्हा दाखल करायचा असतो. जमादारांनी मान हलवली. पण जाता जाता हळूच म्हणाले, "दाखल करा मॅडम, पर कोर्टात टिकंल का?"

ते खोटं नव्हतं. एका दिवसाचे तीन जबाब तीन तऱ्हेचे, चौथ्यांदा तर झालंच नाही म्हणून सांगितलेलं. बुधवारी न्यायाधीशांसमोर पोरीचा जबाब व्हायचा होता. तिथंही ती अशीच घसरली तर तो माणूस सुटला असता आणि पोरगी परत त्याच आवारात गेली असती. आई-बापांना हंगाम सोडून चार महिने घरी बसता येत नव्हतं. मॅडमच्या हातात तो एक दिवस होता.

महिला शिपाई जत्रेच्या बंदोबस्तावर गेलेली, म्हणून मॅडमनी मला बरोबर घेतलं. वर्दी बदलून त्यांनी साधा पंजाबी ड्रेस घातला. ठाण्याची जीप नको म्हणाल्या, आम्ही त्यांच्या गाडीवर गेलो. बाईंच्या घरी ओसरीवर सतरंजी टाकलेली होती. मॅडम खाली बसल्या, पोरीच्या उंचीला. प्रशिक्षणाची वही मांडीवर, रंगीत खडूंची पेटी पुढ्यात. सगळं अगदी सांगितल्याप्रमाणं केलं. शाळेचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. पोरगी एक शब्द बोलायची आणि मॅडमच्या तोंडाकडं बघायची. मग तो शब्द परत गिळायची. कामाचं विचारायची वेळ आली तेव्हा ती पार गप्प झाली. खडूला तिनं हात लावला नाही.

अर्ध्या तासानं मॅडम उठल्या. फोन करायला म्हणून अंगणात गेल्या, पण फोन कानाला लावलाच नाही. लिंबाच्या झाडाखाली नुसत्या उभ्या राहिल्या.

ओसरीवर सुपात भुईमुगाच्या शेंगा होत्या. हात रिकामे ठेवायची मला सवय नाही. मी फोडायला बसले. थोड्या वेळानं पोरगी सरकत सरकत जवळ आली आणि तीही फोडायला लागली. दाणे खिशात टाकत होती. मी तिला काही विचारलं नाही. विचारायला मला सुचलंच नाही, खरं म्हणजे.

खूप शेंगा झाल्यावर ती खाली बघतच म्हणाली, "मावशी, तुमी बी पोलीस हाव का?"

मी म्हटलं, "न्हाय बाळ. मी तिथं झाडते."

तिनं आणखी एक शेंग फोडली. म्हणाली, "मग तुमाला तरी सांगतील का ते? बरोबर उत्तर कोणतंय?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

मी चौथीत असताना शाळेत तपासणीला साहेब आले होते. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, बारा चोक किती. मी म्हटलं, अठ्ठेचाळीस. साहेब म्हणाले, "किती?" मला वाटलं, चुकलं. मी म्हटलं, चौपन्न. वर्ग हसला. गुरुजींनी नंतर सांगितलं की तुझं पहिलंच बरोबर होतं, साहेबांना नुसतं परत ऐकायचं होतं. पण शाळेत कुणी परत विचारलं तर त्याचा अर्थ एकच असतो, हे पोराला कोण समजावणार? पुढं माझी शाळा सुटली ती घरच्या कारणानं. पण उभं राहून बोलायचं मी त्याच दिवशी सोडलं.

ह्या पोरीला चारदा विचारलं होतं. मोठ्या माणसांकडं बरोबर उत्तर आहे, ते तिला सापडत नाही, म्हणून ती एकेक देऊन बघत होती. शनवार चुकला. सोमवार चुकला. रोज म्हटलं तेही चुकलं. शेवटी झालंच नाही म्हटलं, आणि तेव्हा विचारणं थांबलं. म्हणजे तेच बरोबर असणार, असं तिला वाटलं असेल.

हे मॅडमना सांगायला पाहिजे होतं. ओसरीपासून लिंबाचं झाड वीस पावलं असेल. मी दोनदा उठले आणि दोनदा बसले. मी झाडणारी बाई, त्या शिकलेल्या, प्रशिक्षण घेऊन आलेल्या. मनात आलं, त्यांना माहीत नसेल असं होईल का? मग पोरीकडं बघितलं. ती शेंगा फोडतच होती, पण कान माझ्याकडं होते. मी गेले.

मॅडमना मी खाली मान घालून सांगितलं, बारा चोकापासून सगळं. सांगून झाल्यावर त्यांनी वही उघडून मला दाखवली. त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नये. खाली दोन रेघा मारलेल्या. म्हणाल्या, "लिहून घेतलंय मी. त्रास होतो म्हणून विचारू नये, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. पोरं आपल्याकडं उत्तर शोधतात, हे कुठं कळलं होतं?"

आत येऊन त्यांनी वही पिशवीत टाकली. सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. पोरीला म्हणाल्या, "मी तिथं नव्हते. मला काहीच माहीत नाही. जमादारकाकांनाही माहीत नाही. हे फक्त तुला माहीत आहे. तू सांगशील तेच उत्तर. आठवत नसलं तर आठवत नाही म्हण, तेही बरोबर. मी एकदाच ऐकणार. परत विचारणार नाही."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

मग ती बोलली. शनिवारीच, म्हणाली. शनिवारी आत्या बाजाराला जाती. पत्र्याच्या खोलीतच. मॅडमनी मान खाली ठेवली होती, तिचा ओघ तोडला नाही. मधे ती थांबली की आम्ही शेंगा फोडायचो. ती थांबायची ते विसरली म्हणून नव्हे, ते शब्द तोंडात यायला वेळ लागायचा म्हणून. मी ठाण्यात कितीतरी जबाब ऐकले. माणूस गप्प झाला की पोलीस लगेच पुढचा प्रश्न टाकतो. तिथं कुणी टाकला नाही.

आणि मग कुणी न विचारता ती म्हणाली, "पत्र्याला अकरा भोकं हायत. दोन मोठी. दार लावलं की ठिपके पडत्यात. एक ठिपका पोत्यावर चढत जातो. तो शिवणीपातूर गेला की आत्या येती. मी त्याच्याकडंच बघत बसती."

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहिलं. त्यांच्या पेनाचा आवाज ऐकू येत होता.

दुपारी त्या जमादारांना आणि दोन पंचांना घेऊन पंचनाम्याला गेल्या. तिथं मी नव्हते, जमादारांनी सांगितलं ते लिहिते. कुलूप उघडून आत गेले. दार उघडं होतं तेव्हा खोली नुसती खोली होती, पोती आणि डबे. मॅडम म्हणाल्या, दार लावा. जमादारांनी दार ओढून आतली कडी घातली. अंधार झाला आणि जमिनीवर, पोत्यांवर उजेडाचे ठिपके उभे राहिले. जमादारांनी मोजले. मग पंचांना मोजायला लावले.

संध्याकाळी ते ठाण्यात आले ते टेबलाकडं न जाता माठाकडं आले. दोन पेले पाणी प्याले. तिसरा भरून हातात धरला.

"अकरा, मावशी," म्हणाले. "दोन मोठी."

त्या माणसाला परत समोर बसवलं, तेव्हा त्याचं पहिल्यांदा बदललं. म्हणाला, पोर आहे, खेळताना कधी उघड्या दारातून शिरली असेल. मॅडमनी विचारलं, आतून कडी लावून खेळत होती का? त्या कडीची उंची त्यांनी पंचनाम्यात मोजून घेतली होती. पोरीनं टाचा उचलल्या असत्या तरी तिचा हात तिथवर पुरला नसता. त्या दिवशीचा चहा त्यानं तसाच ठेवला. पण चहावरून मी आता काही ठरवत नाही. कडीवरून ठरलं.

बुधवारी पोरीची आई पहिल्या एसटीनं आली. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे तसेच. कोर्टाच्या बाकावर आम्ही तिघी बसलो. मॅडम पोरीपुढं खाली बसून म्हणाल्या, "आत परत एकदा सांगावं लागेल. ते तुझं चुकलं म्हणून नाही. आतल्या बाईंनी अजून ऐकलेलं नाही म्हणून." पोरीनं विचारलं, मावशी आत येणार का. मॅडम म्हणाल्या, मावशी इथं दाराजवळच बसणार. ती गेली. दार लागलं. आईनं माझा हात धरला तो दार उघडेपर्यंत सोडला नाही. पोरगी बाहेर आली आणि तिनं खिशातले उरलेले शेंगदाणे आईच्या हातावर ठेवले. कालचे होते, मऊ पडलेले. आईनं ते खाल्ले.

निकालाला वेळ लागला, पण शिक्षा झाली. त्या वर्षी आईनं तोड अर्ध्यावर सोडली. पुढच्या हंगामात पोरगी आजोळी राहिली.

एवढ्यावर हे संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. पुढच्या वर्षी धाराशिवला परत प्रशिक्षण होतं. या खेपेला पोलीस, शाळेच्या बाया, दवाखान्यातल्या सिस्टर, सगळ्यांना एकत्र बोलावलं होतं. मॅडमना तिथं बोलायचं होतं. मला म्हणाल्या, मावशी, चला, पाणी द्यायला माणूस लागतो. खरं सांगितलं असतं तर मी गेलेच नसते हे त्यांना ठाऊक होतं.

जेवणाआधी त्यांनी त्या प्रकरणाचं सांगितलं आणि मग म्हणाल्या, हे मला ज्यांनी दाखवलं त्या मागं उभ्या आहेत. सगळ्या माना वळल्या. मला पुढं यावं लागलं. माईक कुणीतरी हातात दिला. चौथीचा वर्ग पुढं बसलाय असं वाटलं. आता परत फिरायचं, असं ठरवलं तेवढ्यात दुसऱ्या ओळीत आमचे जमादार दिसले. टोपी मांडीवर होती.

मी त्यांनाच विचारलं, "साहेब, आपल्या ठाण्याला पायऱ्या किती हायत?"

ते लगेच म्हणाले, "पाच."

मी म्हटलं, "नक्की?"

जमादारांनी माझ्याकडं बघितलं. मग छताकडं बघितलं. बोटं मांडीवर हलली. इतकी वर्षं रोज चढलेल्या पायऱ्या. म्हणाले, "सहा... थांबा. सहाच असतील."

काही जण हसले. मी म्हटलं, "तुमचं पहिलंच बरोबर व्हतं, साहेब. पाच. मी रोज झाडते."

माईक ठेवून मी मागं गेले. माझं भाषण तेवढंच. पण मी वळले तोवर जमादार उठून उभे राहिले होते. म्हणाले, "त्या पोरीला मी दोनदा विचारलं व्हतं. नक्की का, असं." आणि खाली बसले.

त्यानंतर माझी तीन वर्षं नोकरी राहिली. लहान पोराचं प्रकरण आलं की जमादार आधी माझ्या माठाच्या फळीवर टोपी काढून ठेवायचे, साधा शर्ट घालायचे आणि मॅडमबरोबर त्या पोराच्या घरी जायचे. विचारायचं काम मॅडमचं. हे नुसते शेजारी बसायचे. परत आले की टोपी उचलताना एक शब्द बोलायचे नाहीत. मीही विचारायची नाही. एकदा तेवढं म्हणाले, "आज पाऊण तास कुणीच काय बोललं न्हाय, मावशी. मग पोरगं बोललं."

मोठ्या माणसांनी लेकराला विचारावं एकदाच. आणि त्यानंतर जे थांबणं असतं, ते खरं काम. ते अवघड जातं, कारण आपल्याला वाटतं आपण काहीच करत नाही. मी जन्मभर गप्प बसले ते भीतीनं. त्या ओसरीवरही मी गप्पच होते, पण हात चालू होते आणि ती जवळ होती. दोन्हींत फरक आहे, तो मला त्या पोरीकडून कळला.

पायऱ्या आता दुसरी बाई झाडते. परवा त्या बाजूनं जाताना मी उगाच थांबून मोजल्या. पाचच आहेत.